वाढव गं आता

"ताई, आईला भूक लागतेय आणि तुम्ही तिला खायला देत नाही आहात?"

एरवी नंदू फोनवर आधी 'कशी आहेस' विचारायचा. त्या शुक्रवारी विचारलं नाही. मी वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी होते. समोर एक निवृत्त मास्तर मासिक बदलायला उभे होते. त्यांना हातानंच थांबायला सांगून मी कपाटांच्या मागे गेले.

"कुणी सांगितलं तुला?"

"सोबतनं. रोज अहवाल येतो. तुलाही येतो, उघडून बघतेस का? ऐक. 'सायंकाळी आईंनी वारंवार जेवण वाढण्यास सांगितले. अस्वस्थ होत्या.' हे कालचं. परवाही तेच, त्याच्या आदल्या दिवशीही तेच."

"नंदू, चमचा ओठाला लागला की ती मान फिरवते. दात आवळून धरते. आज सकाळी पेजेची वाटी घेऊन मी तिच्यापाशी किती वेळ बसले होते. एक घोट गेला नाही."

"गिळता येत नाही म्हणून मान फिरवत असेल. त्याचा अर्थ भूक नाही असा होतो का? पोट मागतंय, घसा घेत नाही. म्हणून तर नळी."

"मगदूम डॉक्टर नळीबद्दल काय म्हणतात ते मी सांगितलंय तुला."

"तू सांगितलंयस. त्यांचं म्हणणं मला तुझ्याकडूनच कळतं. सोमवारी येतोय मी. पोटातून नळी बसवतात त्या सर्जनशी बोलून ठेवलंय. मंगळवारी सकाळी घेतो म्हणालेत. तू आडवी येऊ नकोस."

"आणि आले तर?"

"मशीनला कुणाकडून काही नको असतं, ताई. ते ऐकतं आणि सांगतं. एवढंच."

मला काय हवं होतं असं त्याला वाटत होतं, ते त्यानं उच्चारलं नाही. मीही विचारलं नाही. परत येऊन मास्तरांना मासिक बदलून दिलं.

ही गोष्ट आता बरीच जुनी झाली. आई त्यानंतर महिन्याच्या आत गेली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी चमत्काराची वाट पाहत बसायला नको. प्रश्न ती जगेल की नाही हा नव्हताच. तिचे शेवटचे दिवस पोटाला भोक पाडून, नळी उपसू नये म्हणून हात खाटेला बांधून जायचे, की तसेच, आपल्या चादरीखाली, हा होता. आणि तो माझ्या एकटीच्या हातात नव्हता.

'सोबत' म्हणजे पाण्याच्या तांब्याएवढा एक पांढरा डबा. नंदूनं हैदराबादहून पाठवलेला. आईच्या खाटेशेजारच्या कपाटावर तो बसलेला असायचा. ऐकायचा, बोलायचा, औषधांची आठवण करायचा आणि दिवस संपला की आम्हा दोघा भावंडांच्या फोनवर चार ओळी पाठवायचा. आवाज तरुण मुलीचा, मराठी शुद्ध, थोडी बातम्या वाचल्यासारखी. तेव्हा अशी यंत्रं घरांत नुकतीच येऊ लागली होती आणि ओळखीतल्या लोकांचे दोन तट पडले होते. एका तटाला ती देवदूत वाटायची, दुसऱ्याला भुतं.

मी कुठल्याच तटात नव्हते. मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोकांचा समज उलटा होतो. तो डबा चांगला होता. आई दिवसभर "माझी आई कुठाय?" विचारायची, तेव्हा तिच्या आईबद्दल तो तिलाच काही विचारायचा आणि बोलण्यात गुंतवायचा. तोच प्रश्न पुन्हा आला तरी त्याच्या आवाजात कंटाळा नसायचा. माझ्या असायचा. मला यंत्रांचा राग येत नाही. यंत्रानं सांगितलं म्हणून माणसाकडे बघायचं सोडून देणाऱ्यांचा येतो.

आईचीही त्याच्याशी गट्टी जमली होती. आई जन्मभर कासारीण. कऱ्हाडच्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान होतं. वडील लवकर गेले, तेव्हापासून गादीवर तीच. सगळ्या गावाला इंदूकाकू. नातवंडांची नावं, खाल्लेलं, न्हालेलं सगळं ती विसरली, पण हातांना मात्र धंदा आठवत होता. डबा नवीन असताना एकदा ती त्याला म्हणाली, "ये बाळ, बस. हात दे."

"आजी, मला हात नाहीत," डबा म्हणाला.

आई विचारात पडली. "अगं बाई," ती म्हणाली, "मग आलीस कशाला?"

मग आईलाच दया आली. "असू दे, असू दे. पाणी पी जरा." आणि रेणुकाला, "हिला पाणी दे गं. लांबून आलीय."

रेणुका आईला सांभाळायला दिवसभर यायची. अथणीकडची, कानडी-मराठी मिसळून बोलणारी. मला अक्का म्हणायची, आईला अव्वा. तिनं खरंच पेलाभर पाणी डब्याशेजारी नेऊन ठेवलं आणि पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात पळाली.

ते दिवस गेले. आधी बोलणं आटलं, मग चालणं, मग बसणं. त्या सुमाराला आई दिवसाकाठी दोन-चार शब्द बोलायची, तेही मी घरी नसताना. माझी वाचनालयातली पाळी दुपारपासून रात्री आठपर्यंत. सोमवारची सुट्टी सोडली तर तिची एकही संध्याकाळ मला दिसत नव्हती, आणि हे मागणं त्या मंगळवारी सुरू झालेलं. ती संध्याकाळी काय बोलते ते मला डब्याकडूनच कळत होतं. नंदूला कळायचं तसंच.

शनिवारी सकाळी मगदूम डॉक्टर आल्या. त्या घरी येऊन बघायच्या. आईची जीभ पाहिली, पायांवरची सूज दाबून पाहिली, मग हात धुऊन बाहेरच्या खोलीत बसल्या. मी त्यांना नंदूचं म्हणणं सांगितलं.

"भूक लागलीय असं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

"या टप्प्याला शरीर अन्न मागेनासं होतं. पण त्या मागतायत असं तुमचं यंत्र सांगत असेल, तर मी नाही कसं म्हणू? मी इथं संध्याकाळी नसते."

"आणि नळी?"

"नळीनं दिवस निघतील का, सांगता येत नाही. त्रास होईल, हे सांगता येतं. त्या उपसणार, आपण बांधणार. छाती भरायची ती तरीही भरणार." त्यांनी चष्मा पुसला. "पण उज्ज्वलाताई, एक स्पष्ट सांगते. भाऊ हो म्हणतोय, बहीण नाही म्हणतेय, अशा घरात मी पडणार नाही. तुम्ही दोघं एक व्हा. मग मी तुमच्या मागे उभी राहीन."

त्या गेल्यावर मी वाचनालयात फोन करून रजा टाकली.

संध्याकाळी मला घरात पाहून रेणुकाच दचकली. "अक्का, बरं वाटंना काय?"

"बरी आहे. आई काय म्हणते ते ऐकायचंय."

"काय म्हणतात म्हणजे, वाढ वाढ म्हणतात. दिवा लावायच्या टायमाला सुरू होतात. मी ताट आणते, तर माझ्यावरच चिडतात. काल वाटी ढकलली. मला काय समजंना बघा, अक्का. मागायचं पण आणि ढकलायचं पण."

मी खुर्ची ओढून डब्यासमोर बसले.

"आई संध्याकाळी काय म्हणते?"

"आई जेवण वाढायला सांगतात," डबा म्हणाला.

"अर्थ सांगू नकोस. तिच्या तोंडचा शब्द सांग."

"वाढव. कधी कधी, वाढव गं आता."

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. वाढव. जेवायला बसलेला माणूस असं म्हणत नाही. भात वाढ म्हणतो, आमटी वाढ म्हणतो. डब्यानं शेवटचं अक्षर सोडून दिलं होतं आणि उरलेल्याचा सोयीस्कर अर्थ लावला होता. अहवालात शब्द नव्हताच, फक्त अर्थ होता. तरीही मला अजून काही उमगलं नव्हतं. काय वाढवायचं? पंखा? आवाज? पांघरूण? मी पंखा वाढवून पाहिला. आईनं लक्ष दिलं नाही.

मग खिडकीतलं ऊन गेलं, समोरच्या दुकानांचे दिवे लागले आणि आईचा हात हलला. हात आडवा करून, बोटं जुळवून ती चादरीवरचं काहीतरी आपल्याकडे ओढत होती. हळूहळू, काही निसटू नये, एकमेकांवर आपटू नये अशा बेतानं. ओढलेलं दुसऱ्या हातानं थोपवत होती. मग तिनं दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाढव गं आता."

मी खुर्चीवरून उठलेच.

कासाराच्या दुकानात काही शब्द तोंडातून काढत नाहीत. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. सवाष्णीच्या हातावरचं फुटणं बोलायचं नसतं. तसंच रात्री दुकान बंद कर असं आमच्याकडे कधी कुणी म्हटलं नाही. बंद म्हणजे कायमचं. दुकान वाढवायचं असतं. गिऱ्हाईक ओसरलं की आई गादीवर पसरलेल्या बांगड्या अशाच आडव्या हातानं गोळा करायची आणि मला म्हणायची, "उजू, वाढव गं आता." मी बाहेर टांगलेल्या चुड्यांच्या माळा उतरवायची, एकेक फळी खाचेत बसवायची. शेवटच्या फळीआधी ती खाली वाकून बाहेर यायची. पुढं शटर आलं तरी शब्द तोच राहिला. चौथीपासून कॉलेज संपेपर्यंत मी तो रोज ऐकला आणि दुकान विकल्यापासून एकदाही ऐकला नव्हता.

ती जेवायला मागत नव्हती. दिवसभर बसून थकलेली बाई दुकान आवरायला सांगत होती, आणि आम्ही तिच्यापुढे ताट आणून ठेवत होतो.

मला शंका उरली नाही. आजही नाही.

रेणुका वाटी घेऊन दारात उभी होती. "नको," मी म्हटलं. "ती भुकेली नाही."

तिथूनच नंदूला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "संपलं?"

"संपलं."

"तिची जीभ जड झालीय, ताई. 'वाढ गं'चं 'वाढव' होत असेल. तू तुझ्या वाचनालयात बसून शब्दांचा कीस काढतेस, तसा इथंही काढलास."

"हाताचं काय? गोळा करत होती ती."

"आजारी माणसं चादर ओढतात. कुठंही वाच."

"नंदू, तू दुकानात नव्हतास."

हे लागायला नको तिथं लागलं. वडील गेल्यावर आईनं त्याला पाचवीतच साताऱ्याला वसतिगृहात ठेवलं होतं. 'माझ्या पोरानं बायकांचे हात धरून पोट भरायचं नाही,' म्हणायची.

"नव्हतोच," तो म्हणाला. "मला ती सुट्टीत मिळायची. आणि सुट्टीत ती काय करायची माहितीय? वाढायची. नको म्हटलं तरी वाढायची. वर्षाचं दोन महिन्यांत वाढायची. माझ्या आईच्या तोंडी वाढ म्हणजे जेवणच, ताई. आणि आता ती मागतेय, तर मी हैदराबादेत बसून तुझं व्याकरण ऐकू?"

त्याची आई वाढणारी होती. माझी आई वाढवणारी होती. बाई एकच.

"तू दमलीयस," तो म्हणाला. "इतकी वर्षं एकटीनं केलंस. तुला आता सुटायचं असेल, तर त्यात काही वाईट नाही. पण तिच्या तोंडी घालू नकोस ते."

शेवटी तो बोललाच. मला राग आला, पण त्यापेक्षा सुटल्यासारखं वाटलं. एकदा बोलून झालेल्या गोष्टीला उत्तर देता येतं.

"दमलेय," मी म्हटलं. "सुटायचंय की नाही ते माझं मी बघेन. तू सोमवारी संध्याकाळी तिच्यापाशी बस. माझं ऐकू नकोस, डब्याचंही ऐकू नकोस. तिचं ऐक. त्यानंतर नळी म्हणालास, तर मी स्वतः तिची दवाखान्याची पिशवी भरते."

"एक संध्याकाळ," तो म्हणाला.

"एकच."

सोमवारी तो दुपारी आला. बॅग न ठेवताच आईच्या खोलीत गेला आणि दारातच थबकला. वाळत गेलेलं माणूस रोज पाहणाऱ्याला दिसत नाही, अवचित येणाऱ्याला दिसतं. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि ओळख न देता डोळे मिटले.

त्यानं हातपाय धुतले, चहा घेतला नाही. खाटेच्या कडेवर बसून तो डब्याला म्हणाला, "आई वाढव म्हणते, त्याचा अर्थ काय?"

"मी तो शब्द जेवण वाढण्याच्या अर्थानं घेतला होता," डबा म्हणाला. "शनिवारी उज्ज्वलाताईंनी दुकान वाढवण्याबद्दल सांगितलं. तो अर्थही असू शकतो."

"दोन्हींतला खरा कुठला?"

"मला माहीत नाही."

"पण अहवालात तू सरळ लिहिलंस. जेवण वाढायला सांगितलं म्हणून."

"हो. तो माझा अंदाज होता. अंदाज म्हणून लिहायला हवं होतं."

नंदू माझ्याकडे न बघता म्हणाला, "आयला, हे तर माणसापेक्षा लवकर कबूल करतं."

"माणसाला लाज असते," मी म्हटलं.

तो हसला नाही. "म्हणजे मी एका अंदाजावर सर्जन ठरवला."

"तुझ्याजवळ दुसरं काय होतं? तू लांब होतास." हे मी मनापासून म्हटलं. डबा नसता, तर आई संध्याकाळी काही बोलते हेच आम्हाला कळलं नसतं. रेणुकानं 'वाढ वाढ करतात' असं एकदा सांगितलं असतं आणि मी 'बरं' म्हणून कामाला लागले असते.

"अजून मी काही मानलेलं नाही," तो म्हणाला.

"मानू नकोस."

आम्ही बसून राहिलो. रेणुकाला मी पेज करू नकोस म्हटलं होतं, नंदूनं कर म्हणून सांगितलं. तिनं केली. ऊन खिडकीच्या गजांवरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून गेलं. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. समोरच्या मेडिकलचा दिवा लागला.

आईचा हात चादरीवर फिरू लागला.

नंदू त्या हाताकडे पाहत राहिला. बोटं जुळलेली, तळवा आडवा. हळू, बेतानं. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला दिसलं नाही, तो खाली वाकला होता.

"वाढव," आई म्हणाली.

त्यानं रेणुकाकडून वाटी घेतली. चमचाभर पेज फुंकून गार केली, तिच्या ओठाला लावली. आईनं तोंड फिरवलं. पेज हनुवटीवरून ओघळली. त्यानं खिशातला रुमाल काढून ती टिपली.

"आई, थोडंसं. एक घास."

"वाढव गं आता." आवाजात चीड नव्हती. आता उशीर झाला, पाय दुखायला लागले, एवढंच होतं त्यात.

नंदूनं वाटी खाली ठेवली. रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मला वाटलं आता तो उठेल आणि मला काहीतरी म्हणेल. तो उठला नाही. आईच्या कानाजवळ तोंड नेऊन नेहमीच्या आवाजात, सहज म्हणावं तसं म्हणाला,

"आई, एक गिऱ्हाईक आहे अजून."

हे वाक्य त्याचं नव्हतं. आईचं होतं. सुट्टीत आलेला नंदू दुकानाच्या पायरीवर बसून भुकेनं कुरकुरायचा, 'आई, चल ना घरी,' तेव्हा ती आतून हेच म्हणायची. मला वाटलं होतं, त्याला दुकानातलं काही आठवत नसेल.

आईचा हात थांबला. तिनं डोळे उघडले, पण आमच्याकडे पाहिलं नाही. दाराच्या दिशेनं पाहिलं, बराच वेळ, कोण आहे ते बघावं तसं.

"उद्या ये," ती म्हणाली. दम खाऊन पुढं म्हणाली, "म्हणावं."

नंदू मान हलवत राहिला, कुणी काम सांगितल्यावर हलवतात तशी. मग उठला. बाहेरच्या खोलीतून जाऊन त्यानं दाराची कडी काढली, दार सताड उघडलं आणि रिकाम्या जिन्याकडे तोंड करून, आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, उद्या या. दुकान वाढवलंय."

जिना रिकामा नव्हता. वरच्या मजल्यावरच्या मुल्लाणी भाभी भाजीची पिशवी घेऊन वळणावर उभ्या होत्या. त्यांनी नंदूकडे पाहिलं. त्याच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, आतल्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. भाभींचं माहेर मिरजेच्या पेठेतलं, वडिलांचं अत्तराचं दुकान.

"बरं," त्या म्हणाल्या. आवाज जरा चढवून, आतपर्यंत पोचेल असा. "मग उद्याच येते."

आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन वर गेल्या.

आम्ही आत आलो तेव्हा आईचे दोन्ही हात पोटावर होते. डोळे मिटलेले. श्वास संथ चालला होता. रेणुका पायथ्याशी उभी राहून आमच्या तोंडाकडे पाहत होती.

"झोपली?" नंदूनं विचारलं.

"झोपल्या," रेणुका म्हणाली. "आज रागावल्या न्हाईत."

त्यानं पेजेची वाटी उचलून तिच्या हातात दिली. मग फोन घेऊन गॅलरीत गेला. दार उघडंच होतं. मी आईचं पांघरूण नीट करत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"नमस्कार डॉक्टर, नंदकिशोर बोलतोय. उद्या सकाळचं रद्द करा… नाही, तब्येत आहे तशीच आहे… नाही नाही, बहिणीचा प्रश्न नाही. आईच नको म्हणाली."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यानं कठड्यावर हात टेकला.

"हो," तो म्हणाला, "बोलते ना. आज माझ्याशी बोलली."